२८ दिवसांचा मुक्काम

फाल्गुन, रविवार

भाचीच्या कुटुंबाचा सिडनीच्या बंदरातला मुक्काम संपत आला आहे. तिथल्या राज्याच्या नियमानुसार नौकेला एका ठिकाणी २८ दिवसांहून अधिक काळ नांगर टाकून राहता येत नाही, त्यामुळे येत्या आठवड्यात नांगर उचलून ते उत्तरेला ब्रोकन बेच्या खाडीकडे निघतील. नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी एवढेच कुटुंब; घर विकून त्यांनी शिडाची जुनी यॉट घेतली, त्यालाही आता बराच काळ लोटला. तरी गावात कोणी भेटले की विचारतेच, "बाई, तुमची भाची फिरून केव्हा परत येते?" ती फिरायला गेलेली नाही, ती तिथेच राहते, हे समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या कपाशी-तुरीच्या पट्ट्यात बसून यॉट म्हटले की डोळ्यांसमोर श्रीमंतांची सहल येते, आणि त्यात लोकांचे फारसे चुकत नाही. पण आज दुपारी व्हिडिओ कॉलवर भाचीने स्वयंपाक करता करता जे दाखवले, त्यात चैनीपेक्षा राखणच जास्त होती. तिची शेगडी दोन बाजूंच्या खिळांवर झुलती बसवलेली आहे. जवळून फेरीबोट गेली की तिच्या लाटांनी सगळे घर कलते, पण शेगडी सपाटच राहते आणि तव्यावरची भाकरी जागची हलत नाही. गॅसचे सिलिंडर मात्र स्वयंपाकघरात नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो; म्हणून सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात असते, त्या कप्प्याच्या तळाला समुद्राकडे उघडणारे छिद्र असते, आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर तिथला नळ बंद करायचा असतो. वीज सूर्याची आणि पाणी टाकीतले, तेही किनाऱ्यावरून भरून आणलेले. संडासाचे पाणी बंदरात सोडण्यास मनाई आहे. ते वेगळ्या टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणी पंपाने उपसून द्यावे लागते. धक्क्याला बांधून राहिले तर वीज-पाण्याची सोय होते, पण त्याचे भाडे त्यांना झेपत नाही. नांगर टाकून राहण्याला भाडे नाही, म्हणूनच एवढ्या महागड्या शहराच्या ऐन मध्यावर ते राहू शकतात. समोर १९३२ सालचा पोलादी कमानीचा पूल आणि १९७३ साली उघडलेले ऑपेरा हाउस, मागे प्राणिसंग्रहालयाची टेकडी असा त्यांचा सध्याचा शेजार आहे.

नांगराविषयी ती बोलू लागली की मी कान देऊन ऐकते. नौका धरून ठेवते ती नांगराच्या वजनाइतकीच साखळीची लांबीही. भरतीच्या वेळी पाणी जितके खोल असेल, त्याच्या निदान चार-पाच पट साखळी सोडावी लागते, म्हणजे ओढ वरून न बसता तळाला समांतर बसते आणि नांगराचे टोक वखराच्या पाशीसारखे चिखलात शिरते. वारा फिरला की सगळी घरे आपापल्या नांगराभोवती फिरतात, त्यामुळे शेजाऱ्याने किती साखळी सोडली आहे हेही पाहून ठेवावे लागते. सिडनीत उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा एकाएकी उठतो. दिवसभर तापलेली हवा काही मिनिटांत थंड होते आणि ईशान्येकडे तोंड करून असलेल्या नौका गरकन उलट फिरतात. परवाच्या रात्री असेच झाले. नांगर आहे त्या जागी टिकला की सरकतो आहे हे पाहण्यासाठी दोघे आळीपाळीने जागत होते. मोबाइलमध्ये त्यासाठी गजर लावलेला असतो, पण भाची म्हणाली, "मावशी, गजरावर झोप लागत नाही. काठावरचे दोन दिवे एका रेषेत दिसतात ना, ते बघत बसायचे."

एप्रिल सरला की ते उत्तरेकडच्या क्वीन्सलँड राज्याच्या दिशेने वर सरकतील. तिकडच्या उष्ण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. तेवढे महिने दक्षिणेत काढायचे आणि तिथल्या हिवाळ्यात पुन्हा उत्तरेला जायचे, असा अनेक नौकांचा वर्षाचा फेरा ठरलेला आहे. विमा कंपन्याही पुष्कळदा तशीच अट घालतात.

हे ऐकताना मला सारखा आठवत होता आमच्या शिवारात उतरलेला रबाऱ्यांचा डेरा. कच्छातून आलेली ही कुटुंबे फार वर्षांपासून विदर्भात मेंढ्या घेऊन फिरतात. आमच्याकडे त्यांना काठेवाडीही म्हणतात. तूर निघाली की ते वावरात येतात, रात्री मेंढ्या बसवून घेतल्या की लेंडीखत पडते, आणि त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. खाटा, भांडी, नुकती जन्मलेली कोकरे आणि लहान मुले उंटावर लादून पुढच्या गावाला जायचे. पाण्याचा हिशेब तोच, हंगामाचा हिशेब तोच, आणि रात्री जागून राखणही तीच.

फरक आहे तो पाहणाऱ्यांच्या नजरेत. भाचीचे छायाचित्र पाहून गावातले लोक कौतुकाने विचारतात, "आणखी किती दिवस राहणार तिथे?" हाच प्रश्न डेऱ्याला विचारताना त्यांचा आवाज बदललेला असतो, आणि एखाद्याची शेळी हरवली की पहिली चौकशी डेऱ्यावर होते. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. रबारी त्यात नसतीलही, पण फिरणाऱ्या माणसाकडे पाहण्याची ती सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. सिडनीतही सगळे प्रेमाने पाहतात असे नाही. काठावरच्या बंगल्यांतल्या काहींना आपल्या खिडकीसमोर कोणाचे तरी धुणे वाळत असलेले खपत नाही, असे भाची सांगते. पण तिथे २८ दिवस हा आकडा लिहिलेला आहे आणि तो तिच्या नौकेला आणि एखाद्या कोट्यधीशाच्या नौकेला सारखाच लागू आहे. आमच्याकडे किती दिवस, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मला विचाराल तर लिहिलेला आकडा बरा, मग तो कितीही कमी असो.

भाचीच्या मुलीची घरीच शिकण्याची रीतसर नोंदणी आहे. आज तिने मला तिची भरती-ओहोटीची वही दाखवली. डेऱ्यावरची तिच्याच वयाची एक मुलगी महिनाभरापासून माझ्या वर्गात बसते. बेरीज-वजाबाकी तोंडी झरझर करते, कारण संध्याकाळी मेंढ्या मोजण्याचे काम तिच्याकडे आहे. वाचनात मात्र मागे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, आणि पुढच्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे. उद्या शाळेत गेल्यावर तिच्या वडिलांना बोलावून कार्डाचे काम आधी उरकायचे आहे, कारण हरभरा निघाला की डेरा कोणत्याही दिवशी हलू शकतो.