एक भोक, चुकीच्या बाजूला

आमच्या इथल्या बाथरूमच्या भिंतीवर टिचकी मारली की रिकामा डबा वाजतो. लाकडी चौकट, तिच्यावर जिप्समचा बोर्ड आणि वर टाइल्स. वीट नाही, गिलावा नाही. विटांच्या भिंतीत पाणी मुरलं तर पोपडे येतात, पण भिंत उभी असते. जिप्सम मात्र आतल्या आत भिजून भुसभुशीत होतो. नळाजवळची टाइल अंगठ्याने सहज आत दबली, तेव्हा हे मला कळलं.

टाइल्सचा यात काही दोष नव्हता. पाणी शिरलं ते ग्राउटमधून, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या मसाल्यातून. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं. ते अडवायचं काम टाइलच्या मागच्या वॉटरप्रूफ लेपाचं, आणि तो लेप आमच्या भिंतीला कुणी दिलाच नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही भिंतीलाही अंघोळ घालत होतो.

पुन्हा टाइल्स लावायची माझी हिंमत नव्हती. जितके सांधे, तितक्या पाण्याला वाटा. त्यापेक्षा प्लायवर लॅमिनेट चढवलेले पॅनेल आणले: २४०० मिलिमीटर उंच, जेमतेम १०-११ मिलिमीटर जाड. शॉवर कोपऱ्यात असल्यामुळे भिंती दोनच, म्हणून पॅनेलही दोनच आणि उभा सांधा फक्त कोपऱ्यातला. सडलेला बोर्ड काढून ओलसरपणा सोसणारा नवा ठोकला. हात धरायच्या दांड्यासाठी मागे आडवं लाकूडही आत्ताच बसवलं, कारण नंतर स्क्रू पकडायला तिथे काही नसतं.

आता माझा पराक्रम. जिगसॉचं, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या विजेच्या करवतीचं, पातं वर येताना कापतं, त्यामुळे कापताना पॅनेलची चांगली बाजू खाली ठेवायची, नाहीतर लॅमिनेटच्या कपच्या उडतात. हे मी वाचून ठेवलं होतं आणि अगदी शहाण्यासारखं पाळलं. पाइप डाव्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत ते मोजलं, पॅनेल पालथं घातलं आणि त्याच डाव्या बाजूने मोजून भोकं पाडली. उभं करून भिंतीला लावलं, तर पाइप एकीकडे आणि भोकं दुसरीकडे! पालथ्या पॅनेलची डावी म्हणजे सुलट्याची उजवी, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. नवरा काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

दुसरं पॅनेल आणलं. या वेळी आधी पुठ्ठ्याचा साचा कापून भिंतीवर लावून पाहिला.

चिकटवणं हे त्यामानाने किरकोळ. खरा जीव आहे सिलिकॉनमध्ये, म्हणजे फटी बुजवायच्या रबरासारख्या लुकणात. कापलेली प्रत्येक कड आणि भोकाची आतली कड आधी सिलिकॉनने बंद करायची, कारण उघड्या प्लायला पाणी लागलं की तो फुगतो. कोपऱ्याच्या पट्टीत सिलिकॉन भरून मगच पॅनेल सरकवायचं. पॅनेल शॉवरखालच्या ट्रेवर, म्हणजे ज्यात उभं राहून अंघोळ करतो त्या उथळ तळावर, टेकवायचं नाही, खाली बारीक फट सोडायची आणि ती पूर्ण भरायची. ती भरताना आमचा धाकटा ट्रेमध्ये उभा होता. वजनाने ट्रे जो काही खचायचा तो तेव्हाच खचलेला बरा, नाहीतर पुढे पहिल्याच अंघोळीला सांधा ताणला जाऊन सुटतो.

मग २४ तास नळ बंद. घरात तेवढा एकच शॉवर आहे, एवढंच सांगते.

चुकीच्या भोकांचं पॅनेल वॉशिंग मशीनच्या मागे उभं केलंय. त्यातल्या एका भोकातून मशीनची नळी अगदी बरोबर जाते.