तुम्ही विचारलंत म्हणून : बानित्साचे पापुद्रे घरी कशाला ताणायचे?

बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे आमच्या घराखालीच बानित्साचं, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांच्या इथल्या पदार्थाचं दुकान आहे. सकाळी कामाला निघालेली माणसं तिथून कागदात गुंडाळलेली गरम बानित्सा घेतात आणि ट्रामच्या थांब्यावर उभ्याउभ्याच संपवतात. किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये तयार पापुद्र्यांची पाकिटंही असतात, इथे त्यांना ‘कोरी’ म्हणतात. एवढं सगळं हाताशी असताना सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मी पीठ कशाला ताणत बसतो? हा प्रश्न जळगावहून येतो, पुण्याहून येतो, आणि गंमत म्हणजे ऑफिसातले बल्गेरियन सहकारीही विचारतात. त्यांच्या आज्या हे घरी करायच्या, आया पाकिटावर आल्या. आता भारतातून आलेला जावई टेबलाभोवती फेऱ्या मारतोय म्हटल्यावर त्यांना हसू येणारच.

बानित्सा ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैद्याचा कागदापेक्षा पातळ पापुद्रा, त्यावर तेल किंवा लोणी, चुरलेलं सिरेने (म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं पांढरं चीज), अंडी आणि दही. पापुद्र्याची लांब गुंडाळी करायची आणि ती गोल थाळ्यात मधोमध ठेवून वेटोळं घालत जायचं. या वेटोळ्याच्या प्रकाराला ‘विता बानित्सा’ म्हणतात. मग भट्टीत भाजायची. पापुद्रे नुसते एकावर एक रचून, चौकोन कापूनही करतात, पण आमच्या घरात वेटोळ्याचीच चालते.

आता उत्तर. हाताने ताणलेली बानित्सा म्हणजे पाकिटातल्या बानित्साचीच जास्त कष्टाची आवृत्ती, असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. तो वेगळाच पदार्थ आहे. पाकिटातले पापुद्रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते बरेच कोरडे ठेवतात, वर स्टार्च भुरभुरवलेला असतो. त्यांची गुंडाळी करायची तर तेलाचा हात सढळ लागतो, आणि भाजल्यावर सुरी लावताच चुरा उडतो. तो कुरकुरीतपणा ज्यांना आवडतो त्यांनी पाकीटच आणावं, मीही आठवड्याच्या मधल्या दिवशी तेच आणतो. ताणलेला पापुद्रा मात्र ओला आणि तेल प्यायलेला असतो. त्याची वरची बाजू तांबूस होऊन तडकते, आणि आतले पदर मऊ, किंचित चिवट राहतात. तुकडा हाताने ओढला की एकेक पदर सुटतो. ती चिवट मजा कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

मला हे शिकवलं सासूबाईंनी. त्या बाल्कन डोंगराच्या पायथ्याशी, त्रोयानजवळच्या खेड्यात राहतात. प्रमाण विचारलं की त्या म्हणतात, पीठ मागेल तेवढं पाणी. त्यांच्या हाताखाली वजनकाटा घेऊन बसलो तेव्हा हाती आलं ते असं: अर्धा किलो मैदा, साधारण ३०० मिलिलिटर कोमट पाणी, चमचाभर मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. व्हिनेगरने पीठ सैलावतं, ताणायला सोपं जातं. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल असते, सुरुवातीला हाताला चिकटते, पण वरून मैदा घालायचा मोह टाळावा. दहा मिनिटं मळून झाली की तिचा गोळा उचलून ओट्यावर आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा. शंभर वेळा आपटा असं जुन्या बायका सांगतात. मोजायचं नाही, कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ लागली की थांबायचं.

खरं काम पुढचं आहे, आणि ते आपण करायचंच नाही. कणकेचे चार-पाच गोळे करायचे, तेलात घोळवायचे, ताटलीत थोडे लांब लांब ठेवायचे आणि वर कोमट केलेलं पातेलं उपडं घालून तासभर त्या बाजूला फिरकायचं नाही. मळताना आणि आपटताना मैद्यातल्या ग्लुटेनची (पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाची) जाळी घट्ट झालेली असते. लगेच ताणायला गेलात तर पीठ आखडतं, सोडलं की मागे सरकतं. तासाभरात तीच जाळी ढिली पडते, ओढली तिथे राहते. ताणताना पापुद्रा फाटतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना मी आधी विचारतो, गोळे किती वेळ झाकले होते? उत्तर बहुतेक वेळा ‘वीसेक मिनिटं’ असतं.

आता टेबल. त्यावर सुती चादर, चादरीवर मैद्याची भुरभुर. हातातल्या अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायचं, नखं कापलेली हवीत. गोळा आधी लाटण्याने ताटाएवढा लाटायचा. इथलं लाटणं, ‘तोचिल्का’, आपल्यापेक्षा बारीक आणि बरंच लांब असतं, पण आपल्या लाटण्यानेही भागतं. मग दोन्ही हातांच्या मुठी सैल वळून पोळीखाली घालायच्या, पालथ्या हातावर ती पेलायची आणि मधून कडेकडे हळूहळू सरकवत न्यायची. बोटांच्या टोकांनी ओढायचं नाही, भोकं पडतात ती तिथेच. थोडं ताणायचं, पाऊलभर पुढे सरकायचं, पुन्हा ताणायचं, अशी टेबलाभोवती प्रदक्षिणा. पापुद्रा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागला की निम्मं काम त्याचं वजनच करतं. आमच्या चादरीवर निळी फुलं आहेत. त्यांच्या पाकळ्यांच्या रेषा पिठातून स्पष्ट दिसल्या की सासूबाई ‘पुरे’ म्हणतात.

भोक पडलं तर? पडू द्या. गुंडाळी झाल्यावर ते कुणाला दिसणार आहे! कडेची जाडसर पट्टी तेवढी सुरीने कापून काढायची, ती तशीच गुंडाळली तर आत कच्ची राहते.

जळगावच्या आत्याला मी व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं, तर ती म्हणाली, “अरे, हे तर मांडेच की!” तिचं निम्मं बरोबर आहे. खानदेशात मांडे करणाऱ्या बायका सैल कणीक तशीच आपटून आपटून तयार करतात, तशीच झाकून ठेवतात, आणि हातावर झुलवत कोपरापर्यंत नेतात. पीठही वस्त्रगाळ घेतात, कारण कोंड्याचा कण ताणलेल्या कणकेला आतून कापतो. म्हणूनच बानित्साही आपल्या चक्कीच्या गव्हाच्या पिठाची होत नाही, मैदाच लागतो. पण मांड्यात पुरण आधी भरलेलं असतं आणि ते भरलेलं ओझं घेऊन पीठ ताणायचं असतं, हवेत, टेबलाच्या आधाराशिवाय. मग ते उपड्या खापरावर टाकलं की पाहता पाहता भाजून होतं. बानित्सात रिकामा पापुद्रा ताणायचा आणि सारण मागाहून पसरायचं. दोन्हींत अवघड काय, असं विचाराल तर मी बिनदिक्कत मांडे म्हणेन. आत्यासमोर बानित्साची बढाई मारायची माझी छाती नाही.

सारणाला फार बोलण्यासारखं काही नाही. एका थाळ्याला तीन-साडेतीनशे ग्रॅम सिरेने, ते हाताने चुरायचं, मिक्सरला लावायचं नाही. पापुद्र्यावर वितळलेलं लोणी आणि तेल शिंपडायचं, त्यावर सिरेने विरळ टाकायचं. मग चादरीची एक कड दोन्ही हातांनी उचलायची, की पापुद्रा आपोआप गुंडाळला जातो. वेटोळं थाळ्यात बसलं की तीन अंडी, वाटीभर दही आणि पाव चमचा सोडा एकत्र फेटून वरून ओतायचं. दह्यात सोडा फसफसतो तेव्हाच ओतायचं, मग ते पदरापदरांत शिरतं. २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. बाहेर काढल्यावर सासूबाई वरून पाण्याचा हबका मारतात आणि थाळा पंचाने झाकतात. एवढी कुरकुरीत झालेली बानित्सा मऊ कशाला करायची, असं मला वाटायचं. पण थंड झाल्यावर झाकलेली आणि न झाकलेली शेजारी ठेवून खाऊन पाहा, म्हणजे कळेल.

सोबत दही किंवा आयरान, म्हणजे खारट पातळ ताक. दुकानात बोझा घेतात. ते बाजरीवर्गातल्या धान्याचं आंबवलेलं, दाट, गोडसर पेय. रादोमिरचा बोझा नावाजलेला आहे. मला तो अजून रुचलेला नाही, मुलीला रुचतो.

भारतातून येणारे प्रश्न वेगळे असतात. पहिला: पनीर चालेल का? नुसतं नाही. सिरेने विरजण आणि रेनेट (दूध गोठवणारं विकर, ते बरेचदा वासराच्या जठरातून काढतात) घालून जमवलेलं असतं आणि निदान दीड महिना खाऱ्या पाण्यात मुरलेलं असतं. त्याचा आंबट खारटपणा ताज्या पनीरमध्ये कुठून येणार? फेटा नावाचं ग्रीक चीज मिळत असेल तर तेच घ्या, रेनेट कसलं आहे ते शाकाहारी मंडळींनी पाकिटावर वाचून घ्यावं. नाहीच मिळालं तर पनीर चुरून त्यात आंबट चक्का आणि चवीपेक्षा जरा जास्त मीठ घाला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बानित्सा चांगली होईल, सिरेनेची होणार नाही, एवढं समजून करावी.

दुसरा प्रश्न हवेचा, आणि तो कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो: पंखा बंद करा. ताणलेला पापुद्रा वाऱ्यावर दोन मिनिटांत पापडासारखा कडक होतो आणि गुंडाळताना मोडतो. इथे हिवाळ्यात हीटरमुळे हेच होतं, म्हणून मी ताणायच्या आधी तो बंद करतो आणि एकेक पापुद्रा लगेच तेल लावून गुंडाळतो. मुंबईच्या पावसाळ्यात उलट त्रास होईल, तिथे चादरीवर मैदा जरा जास्त लागेल.

तिसरा अंड्याचा. तर अंडं, दूध काहीच नको असलेल्यांसाठी इथे आयती सोय आहे. नाताळच्या आदल्या रात्रीचं, ‘बद्नी वेचेर’चं जेवण उपवासाचं असतं. त्यात मांस, अंडी, दूधदुभतं काही चालत नाही, आणि पानातल्या पदार्थांची संख्या विषम हवी, सात, नऊ किंवा अकरा. त्या रात्री ‘तिक्वेनिक’ करतात, म्हणजे लाल भोपळ्याची बानित्सा. भोपळा किसायचा, पाणी सुटलं तर पिळून काढायचं, त्यात साखर, दालचिनी आणि भरड कुटलेले अक्रोड, पापुद्र्यावर नुसतं तेल. भोपळा फार रसाळ असेल तर मूठभर रवा पसरा, तो रस पितो. माझ्या आईला इथली बानित्सा आवडली ती हीच.

उलट बाजू म्हणजे ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीचा रविवार, ‘सिर्नी झागोवेझ्नी’. पुढचे सात आठवडे दूधदुभतं बंद, म्हणून त्या दिवशी सिरेनेची बानित्सा पोटभर खातात, आणि धाकटे थोरांकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात.

आणि नवं वर्ष. त्या रात्री बानित्सात ‘कस्मेती’ घालतात: द्र्यान नावाच्या झाडाच्या कळ्या असलेल्या छोट्या काड्या. हे झाड अतिशय चिवट लाकडाचं, म्हणून निरोगी माणसाला इथे द्र्यानची उपमा देतात. हल्ली चिठ्ठ्याही घालतात, आरोग्य, प्रवास, नवं घर, प्रेम, असं काहीबाही लिहून. बानित्सा कापून झाली की थाळा गरगर फिरवतात आणि तो थांबेल तेव्हा समोर येईल तो तुकडा आपला. मुलगी थाळा थांबायच्या बेतात असताना बोटाने हळूच ढकलते, सगळ्यांना दिसतं, कुणी बोलत नाही. नाणं घालायचं ते मुख्यतः नाताळच्या पावात. २०२६ च्या १ जानेवारीपासून इथे युरो आला, तेव्हा सासूबाईंनी लेव्हाची, म्हणजे इथल्या जुन्या चलनाची काही नाणी बँकेत न देता खास त्या पावासाठी डब्यात घालून ठेवली.

नव्या वर्षाची बानित्सा आमच्याकडे विकतच्या पापुद्र्यांची कधीच होत नाही. तेव्हा घरात हात बरेच असतात. एका टेबलाच्या चार बाजूंनी चौघं ताणायला लागली की एकेक पापुद्रा पाहता पाहता तयार होतो. खरं तर एकट्याने करायचं हे काम नव्हेच. एकटे असाल तर गोळे लहान करा आणि पापुद्रेही लहान ताणा. चार छोट्या गुंडाळ्या टोकाला टोक जोडून एक वेटोळं होतं, चवीत फरक पडत नाही.

राहता राहिला आत्याचा प्रश्न, की कापून काढलेल्या त्या जाड कडांचं काय करतोस, टाकून तर देत नाहीस ना? इथे बायका त्या पुन्हा मळून, झाकून ठेवून शेवटचा छोटा पापुद्रा ताणतात. मी त्यांचे तुकडे करून चिंचगुळाच्या आमटीत सोडतो आणि संध्याकाळी आमच्याकडे वरणफळं होतात. मैद्याची असल्यामुळे जरा बुळबुळीत लागतात, पण वरून तूप घातलं की खपतात.