डेटा सेंटर आले, तर काम कोणाच्या हाताला?

पनवेल आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणारे आणि पुरवणारे हजारो कॉम्प्युटर (सर्व्हर) ठेवण्याच्या केंद्रांच्या, अवाढव्य, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहू लागल्यापासून आमच्या अलिबाग तालुक्यातही जमिनीच्या व्यवहाराचा विषय निघाला की हा शब्द कानावर पडतो. असे केंद्र आपल्याकडे आले म्हणजे गावातली मुले कॉम्प्युटरवर बसतील आणि मुंबईची वाट धरणे थांबेल, अशी अनेकांची समजूत आहे. नोकऱ्या येतात हे खरे. मात्र लोकांच्या मनात असलेल्या नोकऱ्या त्या इमारतीत फारशा नसतात आणि ज्या असतात त्यांच्यासाठी मुले तयार करण्याकडे आपले पुरेसे लक्ष नाही, असे मला वाटते.

सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात बसलेली माणसे हाताळतात. प्रत्यक्ष इमारतीत नेटवर्कची आणि हार्डवेअरची मोजकी मंडळी सोडली, तर मुख्य कारभार विजेचा आणि थंडाव्याचा असतो. माझा भाचा आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून नवी मुंबईतल्या अशाच एका केंद्रात ठेकेदारामार्फत लागला आहे. चिलर (थंडावा देणारी मोठी यंत्रे) आणि पंप यांचे दाब व तापमान ठरलेल्या वेळी नोंदवणे, फिल्टर बदलणे, जनरेटरच्या चाचणीच्या वेळी विजेच्या माणसांबरोबर उभे राहणे, हे त्याचे काम, आणि तेही तीन पाळ्यांत, सणवार न पाहता. ‘टिअर फोर’ या सर्वांत वरच्या दर्जाच्या केंद्राकडून 99.995 टक्के उपलब्धतेची अपेक्षा धरली जाते; म्हणजे वर्षभरात सेवा सुमारे 26 मिनिटांपेक्षा जास्त बंद राहता कामा नये. ही शिस्त ज्याच्या अंगी मुरली, तो इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅनिक पुढे इस्पितळात, शीतगृहात, कुठेही काम मिळवू शकतो. आमच्याकडे मासळीच्या व्यवसायात बर्फ कारखाने आणि शीतगृहे जुनीच आहेत, त्यामुळे या कामाची परंपरा इथे अगदीच परकी नाही.

पण आकड्यांबाबत स्वच्छ बोलले पाहिजे. बांधकाम चालू असताना शेकडो, मोठ्या प्रकल्पात हजारांच्या घरात माणसे लागतात; केंद्र सुरू झाले की सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि तंत्रज्ञ मिळून ती संख्या बहुधा शे-दोनशेच्या आसपास येऊन ठेपते. पनवेलला 2020 मध्ये सुरू झालेल्या योट्टा या कंपनीच्या केंद्राची क्षमता सुमारे 7200 रॅक (सर्व्हर बसवण्याची कपाटे) आणि 50 मेगावॅट अशी सांगितली गेली. एवढी वीज घेणारा जुन्या पद्धतीचा कारखाना असता, तर त्याच्या फाटकावर पाळी सुटताना रस्ता भरून गेला असता. आमच्या भागातील लोकांच्या डोळ्यांसमोर 1980 च्या दशकात आलेला थळचा खत कारखाना असतो. त्याच्यामागे वसाहत आली, गोण्या भरण्याचे, चढवण्या-उतरवण्याचे आणि वाहतुकीचे काम आले, आणि त्यावर हॉटेले व गॅरेजे चालली. डेटा सेंटरचा माल ऑप्टिकल फायबरमधून जातो. ट्रकच येणार नसतील, तर पंक्चर काढणारा कोणाच्या भरवशावर टपरी टाकणार?

गावाला उरतो तो कराचा मार्ग, आणि इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीचे उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते, कारण तिथल्या स्थानिक प्रशासनाला डेटा सेंटरांमुळे मोठे उत्पन्न मिळते. त्या उत्पन्नाचा मोठा भाग इमारतीच्या आत असलेल्या कॉम्प्युटर सामग्रीवरील करातून येतो. आपल्या ग्रामपंचायतीची घरपट्टी इमारत आणि जमीन यांवर बसते. आत कोट्यवधी रुपयांचे सर्व्हर असले तरी त्यांची किंमत त्या हिशेबात येत नाही. तेव्हा लाउडनची श्रीमंती सांगून जमिनी मागणाऱ्यांना हा फरक ग्रामसभेतच विचारलेला बरा. पाण्याचेही तसेच: बाष्पीभवनावर चालणारी कूलिंग व्यवस्था बरेच पाणी पिते, आणि वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांना ते परवडणारे नाही. हवेवर चालणारे चिलर पाणी वाचवतात, पण वीज अधिक खातात, म्हणून कोणती पद्धत वापरणार हे आधी लेखी घ्यायला हवे.

किनारपट्टीचा एक गुण मात्र, विचित्र वाटला तरी, रोजगाराच्या बाजूचा आहे. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या कंडेन्सरच्या जाळ्या, नटबोल्ट आणि पत्रे लवकर गंजतात. त्यांची धुलाई, रंगरंगोटी आणि बदली वारंवार करावी लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती, हे ज्यांनी अनुभवले त्यांना इथे जनरेटर आणि डिझेलचा साठा सांभाळणाऱ्या माणसाचे मोल वेगळे सांगायला नको. अशी देखभाल दूरवरून होत नाही, आणि मध्यरात्री फोन आल्यावर अर्ध्या तासात पोचणारा माणूस पंचक्रोशीतलाच असावा लागतो. ठेकेदाराच्या करारात स्थानिकांचा आग्रह धरायचा तर तो या कामांसाठी धरावा. केवळ रक्षकांच्या जागा देऊन ‘भूमिपुत्रांना प्राधान्य’ दिल्याचे सांगितले गेले, तर ते मान्य करू नये.

यात वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन हे आयटीआयचे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत, आणि मोठे केंद्र बांधून सुरू व्हायलाही साधारण दीड-दोन वर्षे लागतात. म्हणजे भूमिपूजन होईल त्याच वर्षी दहावीच्या निकालानंतर तालुक्यातल्या मुलामुलींचे प्रवेश व्हायला हवेत आणि दुसऱ्या वर्षाची शिकाऊ उमेदवारी त्याच प्रकल्पाच्या उभारणीत मिळावी, अशी अट जमीन देतानाच घालायला हवी. इमारत पूर्ण झाल्यावर ही मागणी केली, तर तोवर बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांची पाळीपत्रके लागलेली असतील.