दुपारचं आडवं होणं

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते भाजणारे नऊ दिवस, लागला की नागपुरात दुपारी बारा ते चार कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही. कूलरसमोर सतरंजी टाकायची आणि आडवं व्हायचं. यंदा त्याच वेळात मी पेचकस घेऊन टेबलाखाली शिरलो होतो. माझ्या २०१३ सालच्या कॉम्प्युटरनं चित्र द्यायचं बंद केलं होतं. पंखे फिरायचे, दिवा लागायचा, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

“भर दुपारी काय उकलून बसला रे?” आईनं पडल्यापडल्याच विचारलं.

सुरुवात सोपी होती. मॉनिटरला चित्र पुरवणारं ग्राफिक्स कार्ड काढलं, मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या मागच्या सॉकेटात लावली, लगेच चित्र आलं. प्रोसेसर, रॅम, मॉनिटर सगळे सुटले. उरले दोन संशयित : कार्ड, नाहीतर ते ज्यात बसतं तो स्लॉट. खरी पंचाईत इथंच झाली. स्लॉट म्हणजे अगदी मुका प्राणी. त्याला ना दिवा, ना आवाज. तो बरा आहे का हे विचारायचं तर त्यात कार्डच खुपसावं लागतं, आणि तेच तर संशयित!

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. खोडरबर काळं झालं. इतकं काळं निघाल्यावर गुण यायलाच हवा होता, पण आला नाही. स्लॉटमधली धूळ ब्रशनं काढली. फुंकर मारायचा मोह फार होतो. मारू नये, तोंडातली ओल आत जाते. कूलरच्या ओलाव्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या यंत्राला हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय, हा भाग वेगळा.

मग शेजारच्या मुलाचं कार्ड मागून आणलं. छोटंसं, एका पंख्याचं. माझ्या स्लॉटमध्ये ते मुकाट चाललं. माझं दोन पंख्यांचं धूड त्याच्या कॉम्प्युटरमध्ये लावलं, तर तेही छान चाललं. मुलगा चांगला, मुलगी चांगली, आणि पत्रिका काही जुळत नाही.

संध्याकाळी ऊन कलल्यावर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं पेटी उघडलीसुद्धा नाही. “भाऊ, स्लॉट गेला असन. बोर्डच बदला. पण हा बोर्ड आता कुठं भेटून राहिला?” नवा बोर्ड घ्यायचा म्हणजे नवा प्रोसेसर आला, नवी रॅम आली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पेटी तशीच परत आणली.

दुसऱ्या दुपारी टॉर्च घेऊन नीट पाहिलं. या लांब स्लॉटमध्ये १६४ पिना असतात आणि एक खाच त्याचे दोन भाग करते. पेटीच्या मागच्या पत्र्याकडचा छोटा भाग मुख्यतः वीज पुरवतो, पलीकडच्या लांब भागातून माहितीची ये-जा होते. म्हणजे पंखा फिरला म्हणून कार्ड नीट बसलं असं समजायचं कारण नाही. कार्ड पत्र्याला स्क्रूनं घट्ट होतं, दुसरं टोक मात्र जरासं झुकलेलं. ते टोक धरून ठेवणारी प्लॅस्टिकची कडी तुटलेली होती. ती कोणी तोडली हे मला आठवलं. मागे एकदा साफसफाई करताना कडी न दाबताच मी कार्ड ओढलं होतं. ‘कट्’ असा आवाज आला होता, आणि तो मी ऐकलाच नव्हता असं ठरवलं होतं.

हलकं कार्ड कडीवाचून तरतं, जड कार्ड स्वतःच्या वजनानं लोंबतं. मी पेटी हळूच कुशीवर निजवली, बोर्ड खाली आणि कार्ड त्यावर सरळ उभं. बटण दाबलं. चित्र आलं!

हौसेनं जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची खबर देणारा प्रोग्राम, उघडला. कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या १६ पदरी रस्त्यापैकी ८ पदरच चालू दिसले. सुरू होताना कार्ड आणि बोर्ड आपसात बोलून ठरवतात, किती पदरांवर भागवायचं ते. म्हणजे स्लॉट पूर्ण निर्दोष नव्हताच. दुकानदार अर्धा बरोबर होता, अर्ध्या पदरांइतका. त्याखाली रस्त्याच्या वेगाचा आकडा ३.० ऐवजी १.१, म्हणजे बराच संथ, दिसला तेव्हा मात्र धसकलो. मग कळलं की काम नसलं की कार्ड वीज वाचवायला आपणहून वेग उतरवतं. काम दिलं तसं चढलं ३.० वर. ते दुपारची डुलकी घेत होतं.

निम्म्या पदरांनी माझ्या जुन्या खेळांना काही फरक पडत नाही. कार्डाखाली टेकू देऊन पेटी पुन्हा उभी करता येईल, दोऱ्याचं रीळही काढून ठेवलं आहे. पण निजलेली पेटी टेबलाखाली मावत नाही म्हणून टेबल सरकवलं, टेबलापायी सतरंजी सरकली, आणि आता दुपारी कूलरसमोर आम्ही तिघं असतो : आई, मी आणि तो, तिघंही आडवे. रीळ अजून खिडकीतच आहे.