सोलचा कप्पा: स्टॅक्स लागलं, मेम्फिस अजून चालू

माझ्या सोल संगीताच्या (अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाण्यांच्या) संग्रहाची फेरमांडणी निम्म्याच्या पुढे सरकली. नियम तोच ठेवलाय: रेकॉर्ड किंवा सीडी छापली कुणी ते बघायचं नाही. गाणं मुळात कुठल्या लेबलसाठी, म्हणजे कुठल्या रेकॉर्ड कंपनीच्या नावासाठी, रेकॉर्ड झालं ते शोधायचं आणि त्या लेबलच्या नावाने लावायचं. माझ्याकडे मूळ प्रती नावापुरत्याच आहेत, बाकी सगळं रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेलं. त्याचं वाईट वाटण्याचंही कारण नाही. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) २००९ साली पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली होती. तेच गाणं चांगल्या कंपायलेशनवर जेवणाच्या बिलात मिळतं, आणि वर ऐकायलाही स्वच्छ.

पण मूळ लेबल धरून लावायला घेतल्यावर कळतं, की सोलमध्ये ‘मूळ’ या शब्दाला भलतेच फाटे आहेत.

सगळ्यात जास्त वेळ स्टॅक्सने खाल्ला. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी मेम्फिसच्या मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यूवर बंद पडलेल्या थिएटरात थाटलेलं हे लेबल. १९६० मध्ये रूफस आणि कार्ला थॉमस या बापलेकीच्या रेकॉर्डवर न्यूयॉर्कच्या अटलांटिक या मोठ्या लेबलच्या जेरी वेक्सलरची नजर गेली आणि वितरण अटलांटिककडे आलं. सुरुवातीला सगळा कारभार शब्दावर. १९६५ मध्ये करार कागदावर आला, त्यावर स्टुअर्टने नीट न वाचता सही केली. हा माणूस बँकेत नोकरी केलेला, हे विशेष! त्यात एक कलम होतं: अटलांटिकने वितरित केलेल्या ध्वनिमुद्रणांचे मास्टर (मूळ टेपा) अटलांटिकच्या मालकीचे. पुढे अटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेली, वितरणाचा करार संपवायची वेळ आली आणि १९६८ मध्ये स्टुअर्टला उलगडा झाला, की आपलं म्हणून जे होतं ते आपलं नाहीच. स्टॅक्सचा मोठा गायक ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात गेला होता, आता त्याची गाणीही गेली. सॅम अँड डेव्ह ही गायकांची जोडी तर मुळात अटलांटिकचेच, स्टॅक्सकडे उसने दिलेले. तेही परत गेले.

म्हणजे स्टॅक्स नावाचे दोन संग्रह आहेत आणि त्यांची वारसदार घराणी वेगळी. १९६८ नंतर स्टॅक्सचा कारभारी अल बेलने रिकामं कपाट भरायला १९६९ मध्ये एका दमात २७ एलपी काढल्या. गायक आयझॅक हेज मोठा झाला तो त्यातूनच. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनी बंद पडली, १९७७ मध्ये हा दुसरा संग्रह कॅलिफोर्नियाच्या फँटसीने घेतला आणि २००४ मध्ये फँटसीसकट तो कॉन्कॉर्डकडे गेला. पहिला संग्रह अटलांटिकमार्गे वॉर्नरकडेच राहिला. म्हणून सिंगल्सच्या संपूर्ण संचांची गंमत बघा: १९५९ ते १९६८ चा नऊ सीडींचा खोका १९९१ मध्ये अटलांटिकने काढला, आणि त्यापुढचे दोन १९९३ आणि १९९४ मध्ये फँटसीने. शेजारी ठेवले की एकाच मालिकेचे वाटतात, कागदोपत्री मात्र एकमेकांचे कुणी नाहीत.

सिंगल हातात असेल तर हे दोन जमाने लांबूनही ओळखू येतात. जुन्या सिंगल्सच्या मधली कागदी चकती फिकट निळी आणि त्यावर रेकॉर्डांच्या चळतीचं चित्र. १९६८ नंतर चुटकी वाजवणारा हात, आणि बहुतेक पिवळी चकती. मी निळं स्टॅक्स आणि पिवळं स्टॅक्स असे सरळ दोन कप्पे केले.

तरी अडचणी राहिल्याच. अटलांटिकचा गायक विल्सन पिकेट याने १९६५ मध्ये ‘इन द मिडनाइट अवर’ स्टॅक्सच्या स्टुडिओत, स्टॅक्सच्याच वादकांना घेऊन रेकॉर्ड केलं, स्टॅक्सचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर सहलेखक, पण रेकॉर्ड निघाली अटलांटिकवर. कानाला विचाराल तर ते स्टॅक्स आहे. नियम म्हणतो अटलांटिक. मी नियम पाळला, पण मनापासून नाही. ओटिसची पहिली एलपीही अटलांटिकच्या अ‍ॅटकोवर, सिंगल्स स्टॅक्सच्या व्होल्टवर. त्याचं सगळं मात्र एकत्रच ठेवलं. हा पक्षपात आहे, असू दे.

मेम्फिसचंच हाय (Hi) हे लेबल पटकन उरकलं. १९७७ मध्ये ते क्रीम या कंपनीला विकलं गेलं, इंग्लंडात डेमन लेबलने भरपूर काढलं, नंतर अमेरिकेत फॅट पॉसमने अल ग्रीनच्या एलपी पुन्हा छापल्या. मूळ लेबल एकच, त्यामुळे डोक्याला ताप नाही. अपवाद गायक ओ. व्ही. राइट. याचं १९६४ चं ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ मेम्फिसच्याच गोल्डवॅक्स लेबलवर आलं. लगेच ह्यूस्टनचा लेबलमालक डॉन रोबी पुढे आला: हा गायक गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत) गटात असल्यापासून माझ्या पीकॉक लेबलशी बांधलेला आहे. राइटला निमूट रोबीच्या बॅकबीट लेबलवर जावं लागलं. पुढे हायचा निर्माता विली मिचेलने त्याला मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत रेकॉर्ड केलं, आधी बॅकबीटसाठी आणि नंतर खुद्द हायसाठी. स्टुडिओ तोच, निर्माता तोच. पण रोबीने १९७३ मध्ये सगळा गल्ला एबीसी या रेकॉर्ड कंपनीला विकला, एबीसी १९७९ मध्ये एमसीएत गेली आणि ती आज युनिव्हर्सल आहे. त्यामुळे राइटचं आख्खं काम एका खोक्यात मिळणं अवघड. माझ्याकडे तो सध्या तीन ठिकाणी विखुरलाय.

गोल्डवॅक्सवर मात्र मी मनसोक्त रेंगाळलो. क्विंटन क्लाँच आणि ‘डॉक’ रसेल यांनी १९६४ मध्ये काढलेलं हे छोटं लेबल, साठचं दशक सरता सरता मिटलं. यांच्याकडे जेम्स कार होता. डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी लिहिलेलं ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ नंतर पुष्कळांनी गायलं. कारनंतर ते कुणी गायची गरज होती का, हा प्रश्न मला अजून पडतो. लेबल बंद पडल्यावर या माणसाला जिवंत ठेवलं ते रीइश्यूवाल्यांनी: आधी जपानच्या व्हिविड साउंडने, मग लंडनच्या एस रेकॉर्ड्सच्या केंट शाखेने. केंटचं काम १९८२ पासून एडी क्रॉसडेल बघत आला. हे लोक टेपा हुडकतात, हक्कदाराशी करार करतात, आणि पुस्तिकेत ट्रॅक कुठून आला ते छापतात.

तसं न करणारेही आहेत, आणि ते कानाने पकडता येतात. मागच्या महिन्यात एक अनोळखी युरोपियन लेबलची सीडी आली, त्यात दोन गोल्डवॅक्स ट्रॅक. हेडफोन लावून सुरुवात ऐकली. गाणं सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी बारीक चरचर उठते, गाणंभर मागे राहते आणि शेवटचा फेड विरताच कापल्यासारखी थांबते. सीडीला सुई नसते, म्हणजे ही चरचर कुणाच्या तरी सिंगलची. पुढच्या ट्रॅकवर चरचर नव्हती पण हाय-हॅटही नव्हती, जणू ड्रमरने झांजांवर टॉवेल टाकलाय. आवाज पुसताना वरच्या पट्टीतलं सगळंच पुसलं गेलेलं. टेप हरवली असेल तर सिंगलवरून घेण्यात काही गैर नाही, केंटसुद्धा घेतं. पण सांगावं तरी, आणि घ्यायची ती प्रत धड असावी.

यातल्या काही लेबलांना कायद्याची फट मिळते. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क ५० वर्षांवरून ७० वर नेले, पण १९६२ अखेरपर्यंत निघालेलं तोवर मोकळं झालं होतं, ते मोकळंच राहिलं. आपल्याकडे मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची. तेव्हा १९६१ चं सोल कुणीही छापू शकतो, आणि बरेच जण नुसती दुसऱ्याची सीडी उचलून छापतात. १९६६ चं गोल्डवॅक्स मात्र युरोपात या फटीत बसत नाही. असल्या सीडींना मी कप्पाच दिलेला नाही.

शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने नियमाचीच परीक्षा पाहिली. २००३ मध्ये सुरू झालेल्या या लेबलचा पहिलाच संग्रह २००४ मध्ये आला तो ओहायोतल्या कोलंबस शहरच्या कॅपसोलचा. रेडिओवर काम करणाऱ्या बिल मॉसने सत्तरच्या सुरुवातीला चालवलेलं लेबल, जेमतेम डझनभर सिंगल्स. आता माझा कॅपसोलचा कप्पा म्हणजे न्यूमेरोची ही एकच सीडी. ठीक आहे. पण त्याच शहरच्या प्रिक्स लेबलच्या संग्रहात, २००७ मध्ये, ‘पेनी अँड द क्वार्टर्स’ या गटाचं ‘यू अँड मी’ आलं. ते जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेल्या टेपांवरचं. गिटार आणि चार गळे, एवढाच ऐवज, तोही कच्चा मुद्रित केलेला. त्या काळी ते कधी निघालंच नव्हतं आणि संग्रह छापला तेव्हा गायक कोण हेही माहीत नव्हतं. २०१० मध्ये एका अमेरिकन चित्रपटात ते वाजलं, शोधाशोध झाली, तेव्हा कुठे गायिका सापडली. मग याचं मूळ लेबल कुठलं धरायचं? रेकॉर्ड झालं एकीकडे, पहिल्यांदा प्रकाशित झालं जवळजवळ चार दशकांनी दुसरीकडे. याला रीइश्यू म्हणणंच चूक. मी ते न्यूमेरोच्या नावाने लावलं. न्यूमेरोला स्वतःचा असा हा पहिला कप्पा.

दुसरा अपवाद डेव्ह गॉडिनचा. उत्तर इंग्लंडातल्या क्लबांत वाजणाऱ्या सोलला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव रूढ करणारा हा इंग्रज, याने केंटसाठी १९९७ ते २००४ मध्ये डीप सोलचे (संथ, आर्त गाण्यांचे) चार खंड निवडले. एकेका सीडीवर कितीतरी लेबलं. फोडून लावणं शक्य नाही, आणि क्रम त्याने असा बांधलाय की फोडावंसंही वाटत नाही. चारही गॉडिनच्याच नावाने ठेवले.

आता डेट्रॉइट. तिथल्या मोठ्या मोटाउन लेबलने एड विंगेटकडून १९६६ मध्ये त्याचं गोल्डन वर्ल्ड हे लेबल घेतलं आणि १९६८ मध्ये रिक-टिक, त्यामुळे गायक एडविन स्टारचं रिक-टिकवरचं काम आज मोटाउनच्या छापाखाली मिळतं. त्याला रिक-टिकमध्येच लावणार. आधी सिंगल्सचे मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डवर खोदलेले क्रमांक) तपासून घ्यायचेत, कारण माझ्याकडच्या दोन प्रतींवर लेबल रिक-टिकचं आहे आणि शेवटच्या कोऱ्या पट्टीतली खोदाई मला काही जुनी वाटत नाही.