सोमवारची धोकटी

सोमवारी आमची दुकानं बंद. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन मी उचलत नाही, पण नंबर बाईंचा होता. चौथीला मला शिकवलेल्या बाई. "घरी येऊन डोकं करून देशील का?" मी विचारलं, काकांचं का? "माझं रे," म्हणाल्या.

बाईंना स्तनाचा कॅन्सर आहे हे वाईत सगळ्यांना माहीत होतं. पहिली केमो होऊन सतरा दिवस झाले होते. उशीवर, ताटात, न्हाणीच्या जाळीत, सगळीकडे केस. "रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच काढू," असं म्हणाल्या नि फोन ठेवला.

मी हो म्हणून बसलो, पण हात थंड पडले. आमचे आजोबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. आजोबा हे अशा थाटात सांगायचे, जणू स्वतः पुढच्या रांगेत बसले होते. खरं तर तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. पण बाईमाणसाचं डोकं करायचं नाही, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं. बायकांचे केस कापतो की मी, पण ते वेगळं.

धोकटी भरली. वस्तरा काढून ठेवला. मशीन घेतलं, ब्लेड नवीन घातलं, स्पिरिटनं पुसलं. केमोत पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट कमी होतात. साधं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती असते. त्यामुळे तुळतुळीत करायचंच नाही, एक नंबरची कंगवी लावून तीन मिलिमीटर ठेवायचे. एरवी लग्नाच्या घाईत ब्लेड न बदलणारेही आमच्यात आहेत, मी नावं घेत नाही.

स्कूटर मागच्या बोळात लावली आणि मागच्या दारानं आत गेलो. उगाच शेजाऱ्यांनी बघायला नको. स्वयंपाकघरात बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. पंच्याऐंशी तरी असतील.

"मागून का आलास?"

मला उत्तर सुचेना.

"माझ्या आत्याचा न्हावी मागच्या दारानं यायचा," आजी म्हणाल्या. "अंधार असताना. आम्हा पोरींना माडीवर पाठवायचे. खाली आलं की आत्या आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली. तिला कुणी विचारलं नव्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "जा, पुढून ये. दिवसाउजेडी आलायस ना?"

मी खरंच बाहेर पडलो, घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

पडवीत उजेडाला खुर्ची मांडली, खाली जुने पेपर. बाईंची वेणी कमरेपर्यंत होती, आता शेवटाला उंदराच्या शेपटीएवढी. आधी वेणी मुळाशी दोऱ्यानं बांधून कात्रीनं उतरवली. मग मशीन. केस सुटत असतात तेव्हा डोक्याची कातडी हुळहुळी होते, नुसता हात लागला तरी दुखतं. म्हणून डाव्या हातानं कातडी ताणून धरायची आणि मशीन अगदी सावकाश न्यायचं, नाहीतर केस कापायच्या आधी उपटतो. दोनदा बाईंनी दात आवळले. मी थांबलो की म्हणायच्या, "थांबू नकोस."

मध्येच त्यांनी शिकवायला घेतलं. सवय जाते कुठे? "केसांच्या मुळातल्या पेशी भराभर वाढतात. औषधाला भराभर वाढणारं काहीही दिसलं की ते मारतं. कॅन्सर कुठला नि केस कुठले, त्याला कळत नाही. कळलं का?" मी "हो बाई" म्हटलं, तसंच, चौथीतल्या सुरात.

डाव्या कानामागे जुनी खोक निघाली, दोन बोटं लांब. बाईंनी बोटानं चाचपली. "चिंचेवरून पडले होते. इतकी वर्षं केसांत होती, विसरूनच गेले."

मग मलाच म्हणाल्या, "तुला आठवतं? केस डोळ्यांवर येतात म्हणून तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं." न्हाव्याच्या पोराचे केस वाढलेले म्हणून सगळा वर्ग हसला होता. आठवत होतं. "आता फिटलं," मी म्हटलं.

सगळं झाल्यावर ओल्या मऊ फडक्यानं डोकं टिपलं. तुरटी नाही, पावडर नाही. खोबरेल तेलाचं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं डॉक्टरांना विचारूनच लावा. आरशात बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "कान मोठे आहेत माझे."

पैसे घ्यायला मी तयार नव्हतो. "घे. सुतकातलं नाही हे," असं म्हणून शंभराच्या दोन नोटा त्यांनी माझ्या खिशात कोंबल्या.

तेवढ्यात आजी काठी टेकत आल्या. सुनेच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, मग पेपरावरची वेणी उचलून मला म्हणाल्या, "केसांवर भांडी देणारीला नको हो देऊस ही. हिचं छान गंगावन करून आण."

"अहो आई," बाई म्हणाल्या, "गंगावन लावायला आधी डोक्यावर केस लागतात!"

आणि दोघी इतक्या हसल्या की काका वरून धावत आले.