मालक मी, आणि पासवर्ड मलाच विचारतोय

टेंडर भरायची मुदत संध्याकाळी सहाची होती आणि दुपारी साडेबाराला माझ्याच कॉम्प्युटरनं मला अडवलं.

उद्यमनगरात आमचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक म्हातारा शेपर आणि कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर. बिलं, पार्ट्यांनी पाठवलेली ड्रॉइंग, जीएसटी, सगळं त्याच्यावरच. टेंडरला लागणारं डिजिटल सहीचं नवं यूएसबी टोकन आलं होतं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, टाकायचा होता. सेटअपवर डबल क्लिक केलं. स्क्रीन काळवंडली आणि मधोमध एक चौकट उभी राहिली. पुढं जायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका म्हणे.

माझ्या तोंडून काय निघालं ते इथं लिहीत नाही. पैसे मी घातले, लाइट बिल मी भरतो, आणि हा डबा मलाच विचारतोय, तू कोण?

याची मुळं वर्षभर मागं होती. तोवर आमच्याकडं एकच खातं होतं, तेही बिनपासवर्डचं. सकाळी बायको बिलं करायची, जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर गाणी लावायचा, संध्याकाळी मुलगी शाळेचे प्रोजेक्ट करायची. कुणीतरी कधीतरी एक फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर उतरवून घेतला. कुणी ते आजतागायत कबूल झालेलं नाही. माझा संशय माझ्यावरच आहे. मग ब्राउझर उघडला की भलतंच पान यायला लागलं, कोपऱ्यात जाहिराती नाचायला लागल्या आणि मशीन सुरू व्हायला चहा पिऊन होईस्तोवर वेळ लागायला लागला.

पुतण्या तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं एक रविवार घालवून सगळं फॉरमॅट मारलं, विंडोज नवं टाकलं आणि चार खाती काढली. बायकोचं आणि माझं मिळून ‘बिलिंग’, मुलीचं एक, ऑपरेटरचं एक. ही तिन्ही स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांची. चौथं फक्त ॲडमिनिस्ट्रेटरचं, सगळ्या अधिकारांचं, आणि त्यावर रोज कुणीच बसायचं नाही.

‘‘म्हणजे मी पण स्टँडर्ड?’’

‘‘व्हय काका.’’

‘‘अरे, मालक हाय मी हितला.’’

‘‘म्हणूनच की. तुमचंच नुकसान सगळ्यात जास्त व्हायचं.’’

त्याचं म्हणणं असं, की प्रोग्रॅमला स्वतःची ताकद नसते. जो माणूस बसलेला असतो त्याची ताकद तो वापरतो. ॲडमिन बसला असेल तर त्यानं उघडलेल्या घाणेरड्या फायलीला विंडोजच्या फोल्डरात हात घालता येतो, दुसऱ्यांच्या खात्यात शिरता येतं, अँटिव्हायरसच बंद करता येतो. स्टँडर्ड बसला असेल तर ती त्या एका खात्यापुरती धिंगाणा घालते. मी मान हलवली, पण पटलं नव्हतं. घरच्या कर्त्या माणसाला पंगतीत शेवटी बसवल्यासारखं वाटलं होतं.

सवयही तशीच लागलेली. माझा पहिला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा. २००१ साली आलेलं ते, आणि त्यात घरी खातं काढलं की ते आपसूक ॲडमिनचंच व्हायचं. ‘परवानगी आहे का’ असं विचारणारी चौकट आली ती २००७ साली व्हिस्टाबरोबर, आणि ती इतक्या वेळा यायची की लोक वैतागले. पुढं विंडोज ७ मध्ये ती कमी-जास्त करायची एक पट्टी दिली. मी ती पट्टी पार तळाला ओढून ठेवली होती आणि आपण लई शहाणे म्हणून चार जणांना सांगितलंही होतं.

असो. पुतण्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. ॲडमिनचा पासवर्ड त्यानं माझ्यासमोर टाकला होता, मला दोनदा म्हणूनही दाखवला होता. मी ‘हो हो’ म्हणालो होतो.

आता त्याचा फोन लागेना. शिफ्टमध्ये मोबाइल बाहेर लॉकरला ठेवावा लागतो. सुटणार रात्री अकराला.

मुलीचं नाव आणि जन्मसाल टाकून पाहिलं. गाडीचा नंबर टाकून पाहिला. मग यूट्यूबवर एकानं दाखवलेला उपाय केला. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची, की आपलं खातं ॲडमिन होतं म्हणे. मी अक्षर अन् अक्षर तपासून टाइप केलं. उत्तर आलं, ‘सिस्टीम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड’. ही ओळ चालते, पण ती खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेली असेल तरच, आणि तसं उघडायचं तर पुन्हा तोच पासवर्ड. कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आत. पण मला वाटतं, तो उपाय चालला असता तरच काळजी करायला हवी होती. जे मला जमलं असतं ते त्या पीडीएफ कन्व्हर्टरलाही जमलं असतं.

त्या काळ्या खिडकीनं आणखी एक घाबरवलं. नुसतं ‘नेट युजर’ टाइप केलं तर खात्यांची यादी येते. आमची चार मी ओळखतो. पण त्यात ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं आणखी एक, ‘गेस्ट’, ‘डिफॉल्ट अकाउंट’ आणि एक लांबलचक इंग्रजी आद्याक्षरांचं. मला वाटलं, कुणीतरी घुसलंय. बायको म्हणाली, पोलिसांत जाऊया का. नंतर कळलं की ही विंडोजची जन्मजात खाती. असतात प्रत्येक मशीनमध्ये, पण एरवी बंद असतात. त्यातलं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ आणि आपण काढलेलं ॲडमिनचं खातं ही दोन वेगळी. आपल्याला चौकट विचारते तरी, त्या जन्मजात खात्यावर बसलं तर विंडोज सहसा विचारतसुद्धा नाही. म्हणून ते झोपलेलंच बरं.

दीड वाजला. शेवटी साधी गोष्ट सुचली ती बायकोला. ‘‘बँकेत पासवर्ड विसरला की विचारतात तसे प्रश्न नाहीत का यात?’’

होते की. विंडोज १० पासून कॉम्प्युटरवरच्या खात्याला पासवर्ड घातला की तीन प्रश्न-उत्तरं लिहून घेतात. मी बिलिंगमधून बाहेर आलो, ॲडमिनचं खातं निवडलं, मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. खाली ‘रीसेट पासवर्ड’ अशी बारीक ओळ आली. क्लिक केलं तर तीन प्रश्न: तुमचा जन्म कोणत्या गावी झाला, लहानपणी तुम्हाला काय म्हणायचे, आणि तुमचे आई-वडील कोणत्या गावी भेटले.

हे प्रश्न ज्यानं काढले त्याच्याकडं आई-वडील भेटत असतील. आमच्याकडं बघायला जायचे मामा आणि आत्याचे मिस्टर. मला आठवलं, पुतण्यानं त्या रविवारी माझ्या आईला हाच प्रश्न विचारला होता आणि ती हसत सुटली होती. तिला फोन लावला.

‘‘आई, त्यादिवशी काय सांगितलंवतंस गं? आबा तुला कुठं भेटले म्हणून?’’

‘‘भेटायला कशाचं आलंय? अंतरपाट खाली आला तवा तोंड बघितलं.’’

‘‘ते झालं. गाव कुठलं सांगितलंस?’’

‘‘लगीन निपाणीत झालं. पण मी त्याला मांडवात म्हणून सांगितलंवतं.’’

म्हणजे पोरानं निपाणी लिहिलं की मांडव, हा एक घोळ. दुसरा त्याहून मोठा. माझा जन्म गडहिंग्लजचा. हे गाव इंग्रजीत लिहा म्हटलं तर एका पाटीवर एक, दुसऱ्या पाटीवर एक आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. शेवटी जे की झेड? मध्ये एच आहे की नाही? आणि टोपणनाव ‘पिंट्या’. टी एक की दोन, वाय की आय, शेवटी ए एक की दोन? एका कागदावर मी तिन्ही उत्तरांची शक्य तेवढी स्पेलिंगं मांडली, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमी-जास्त, लिहावी तशी. बायको शेजारी पेन घेऊन, झालेल्यांवर काट मारत. तीनपैकी कुठलं चुकतंय तेही कळेना. ऑपरेटर काचेतून बघून गेला दोनदा.

नवव्या की दहाव्या फेरीला उघडलं. निपाणी बरोबर होतं. पिंट्याला एकच टी. गडहिंग्लज दाखल्यावरच्यासारखं. पुतण्यानं दाखला बघूनच लिहिलं असणार, तसा तो शिस्तीचा.

नवा पासवर्ड टाकला, वहीच्या पानावर लिहिला आणि पान गाडीच्या आरसीबरोबर तिजोरीत ठेवलं. पासवर्ड लिहून ठेवू नये असं सगळे सांगतात. माझ्या केबिनमध्ये येऊन तिजोरी फोडणाऱ्याला कॉम्प्युटरचा पासवर्ड नको असतो.

आता ॲडमिनमध्येच बसलो होतो, तिथूनच ड्रायव्हर टाकता आला असता. पण मी परत बिलिंगमध्ये आलो आणि पुन्हा सेटअपवर क्लिक केलं. स्क्रीन काळवंडली. या वेळी मी वाचलं. वर निळी पट्टी, खाली टोकन बनवणाऱ्या कंपनीचं नाव. बनवणाऱ्याची ओळख पटलेली असेल तर निळी, पटत नसेल तर पिवळी. आणि ती स्क्रीन काळवंडते ते नाटक नव्हे. तेवढ्यापुरतं विंडोज बाकीचं सगळं मागं ठेवतं, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्रॅम गुपचूप आपल्या वतीनं ‘येस’ दाबू शकत नाही. पासवर्ड टाकला, ड्रायव्हर बसला, स्क्रीन उजळली आणि मी पुन्हा साधा बिलिंगवाला.

आणि तेव्हा काचेपलीकडं ऑपरेटरनं लेथच्या चकमध्ये, म्हणजे लोखंडाचा तुकडा धरून फिरणाऱ्या पकडीत, जॉब बांधला, ती आवळायची चकची चावी फिरवली आणि ती काढून फळीवर ठेवली. मगच मशीन चालू केलं.

लेथवर पोरगं कामाला लागलं की पहिली शिवी याच्यावरून खातं. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन फिरलं, तर ती गोळीसारखी सुटते. आमच्याकडं कुणी चावी चकमध्ये ठेवून हात सोडला तर तो मिस्त्री असो की मालक, त्याला मी ओरडतो. चावी वापरायची, काढायची, जागेवर ठेवायची. आणि हाच मी पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर चावी चकमध्ये ठेवून मशीन चालवत होतो. पुतण्यानं हे उदाहरण दिलं असतं तर त्या रविवारी भांडण झालं नसतं.

टेंडर पाचला भरून झालं. मिळालं नाही, पण तो वेगळा विषय.

रात्री पुतण्याचा फोन आला. त्यानं एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. ॲडमिनच्या खात्यावर बसलो तरी विंडोज सगळी ताकद हातात देत नाही. आत जाताना दोन पास तयार होतात, एक साधा, एक पूर्ण. एरवीची कामं साध्या पासवरच चालतात. ‘येस’ दाबलं की तेवढ्या एका कामाला पूर्ण पास. म्हणजे ॲडमिनला नुसतं येस-नो विचारतात आणि स्टँडर्डला पासवर्ड, एवढाच वरवरचा फरक. ‘‘मग ॲडमिनवरच बसतो की,’’ मी म्हणालो. ‘‘काका, येस दाबायला तुम्हाला किती वेळ लागतो?’’ मी गप्प बसलो. पासवर्ड टाकायचा तर तिजोरीपर्यंत जावं लागतं. तेवढ्या पावलांत माणूस विचार करतो.

सगळंच यानं अडतं असं मात्र नाही. मुलीनं परवा तिच्या खात्यात एक गेम टाकला, पासवर्ड न विचारता. काही प्रोग्रॅम स्वतःच्याच खात्याच्या फोल्डरात बसतात, त्यांना परवानगी लागत नाही. आणि बिलिंगमधली बिलं बिलिंगच्याच हाताखाली. तिथं एखादी वाईट फाईल उघडली तर बिलं जाणारच. म्हणून दर शनिवारी पेनड्राइव्हवर कॉपी करून पेनड्राइव्ह काढून ठेवतो.

मुलीशी मात्र बोलणं अवघड झालं. तिनं विचारलं, ‘‘पप्पा, तुम्ही माझं फोल्डर बघू शकता?’’ बिलिंगमधून क्लिक केलं तर परवानगी नाही म्हणून पासवर्ड मागितला. ॲडमिनमधून केलं तर ‘कंटिन्यू’ असं बटण आलं, म्हणजे दाबलं की दार उघडं. मी तिच्यासमोरच ते बटण न दाबता खिडकी बंद केली. ‘‘शकतो,’’ म्हणालो. ‘‘पण तिजोरी उघडल्याचा आवाज तुला ऐकू येतो.’’ तिचं समाधान झालेलं नाही. तिचंही बरोबर आहे.

परवा कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडलं. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला असणार. तारीख चुकली की साइट उघडत नाहीत, आणि तारीख बदलायची तर स्टँडर्डला पासवर्ड लागतो. मी लेथपाशी होतो, हात तेलात. केबिनचं दार उघडून बायकोनं मशीनच्या आवाजावर हाक मारली, ‘‘अहो, चकची चावी घेऊन या.’’

ऑपरेटर दोन्ही लेथच्या फळ्यांवर चावी शोधायला लागला.